वाघळाला हात न लावता: नर-मादी, गाभण-लेकुरवाळी ओळखायची कशी आणि आतली रचना समजून घ्यायची कशी

आमच्या देवळामागच्या वडावर वाघळांची वस्ती आहे, आजोबांच्या लहानपणापासूनची. मी झूलॉजी घेऊन एमएस्सी केलं, प्रॅक्टिकलच्या वहीत गर्भाशयाच्या आकृत्या काढून काढून बोटं दुखली, आणि एका शिमग्याला गावी गेलो तर काका वडाखाली उभा राहून सहज विचारतो, "ह्यात नर खयचो नि मादी खयची, सांग बघूया." मी पाच मिनिटं मान वर करून बघत बसलो. काय सांगणार? सगळीच काळी, सगळीच उलटी, सगळीच पंखात गुंडाळलेली. काका हसला आणि खाली पडलेल्या काजूच्या बिया वेचायला लागला.

तेव्हापासून दर सुट्टीत दुर्बीण घेऊन बसतो. आता बऱ्यापैकी जमतं. जे जमलं ते क्रमाने लिहितोय, म्हंजे तुम्हाला माझ्यासारखी तीन वर्षं घालवायला नको. यातली गंमत अशी की वाघळांची प्रजननाची रचना एका साच्यातली नाहीये, घराण्यागणिक बदलते, आणि कोकणातल्या एका गावात वड, विहीर, पडकं घर आणि कौलारू माळा एवढं धुंडाळलं तरी त्यातली निम्मीअधिक व्हरायटी सापडते. आतलं सगळं दिसत नाही अर्थात. पण स्तनाग्रं किती आणि कुठे, पिल्लू कुठे लटकलंय, नराचं काय खाली आलंय काय वर गेलंय, एवढं बाहेरून नीट वाचता आलं की आतलं बरंच कळतं.

सगळ्यात आधी: हात लावायचा नाही

हे मी शेवटी लिहिलं तर कोणी वाचणार नाही म्हणून आधीच. माझी आजी म्हणायची, "वाघळाक हात लावू नको हां, चावतला." आजीचं बरोबर होतं, कारण फक्त चावण्यापुरतं नाही. २०१८ ला केरळात निपाह विषाणूचा आजार आला तेव्हा त्याचा माग मोठ्या फळखाऊ वाघळांपर्यंत गेला. आणि केरळ लांब आहे म्हणून निवांत राहू नका, पोलादपूरहून घाट चढला की महाबळेश्वर, तिथल्या एका गुहेतून मार्च २०२० मध्ये पकडलेल्या वाघळांत पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेला) निपाहच्या खुणा सापडल्या. याचा अर्थ वस्ती जाळा, झाड तोडा असा अजिबात नाही, शतकानुशतकं आपण त्यांच्या खाली राहतोय. अर्थ एवढाच की लाळ, मूत, विष्ठा, उष्टं फळ याच्याशी उघड्या हाताने खेळायचं नाही. चुकून चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि तडक दवाखाना, हळद लावून घरी बसायचं नाही.

दुसरं म्हंजे कायदा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वाघळं उंदीर-कावळ्यांच्या रांगेत उपद्रवी म्हणून टाकलेली होती, २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. पकडून हाताळणं हे वनखात्याची परवानगी असलेल्या अभ्यासकांचं काम. आपण दुर्बिणीवाले.

पायरी १: सामान आणि जागा

८ बाय ४२ किंवा १० बाय ४२ ची दुर्बीण, मोठा झूम असलेला साधा कॅमेरा, वही, पेन्सिल (पावसाळी हवेत पेन दगा देतं), टोपी. टोपी का ते वडाखाली दहा मिनिटं उभं राहिलात की कळेल. अंधाऱ्या जागेसाठी लाल कागद लावलेली टॉर्च, तीही क्षणभर.

आता जागा. वड, पिंपळ, देवराईतली उंच झाडं यावर दिवसाढवळ्या लटकलेलं ते मोठं वाघूळ, टेरोपस मेडियस, पंख पसरले की चार-पाच फूट. अभ्यासाची सुरुवात याच्यापासूनच करा, उघड्यावर राहतं आणि मोठं आहे. भेरली माडाच्या लोंबत्या तुऱ्यात किंवा उंच अशोकाच्या आतल्या बाजूला एखादी पोकळी कुरतडून केलेली दिसली तर ते छोटं फळखाऊ वाघूळ, सिनॉप्टेरस स्फिंक्स. ही पोकळी नर करतो आणि तिथे चार-पाच किंवा जास्त माद्या सांभाळतो. गुहा, भुयार, जुनी पायऱ्यांची विहीर इथे शेकड्याने चिकटलेली तपकिरी, कुत्र्याच्या तोंडाची, ती रूसेटस. पडक्या घरात किंवा बंद मांगरात (शेतातल्या खोपीत) खाली पतंगांचे पंख, बेडकाचे पाय, पालीची शेपटी असा पसारा दिसला की वर मोठ्या जुळलेल्या कानांचं, शेपूट नसलेलं मेगाडर्मा लायरा असणार. नाकावर घोड्याच्या नालेसारखी घडी असलेली रायनोलोफस आणि हिप्पोसिडेरस लेण्यांत, भुयारांत मिळतात, किल्ल्यांच्या तटातल्या फटीत टॅफोझस. आणि तुमच्याच घराच्या कौलाखाली, वाशाच्या सांध्यात, अंगठ्याएवढी पाकोळी, पिपिस्ट्रेलस. (आमच्याकडे पाकोळी म्हणतात ती पक्ष्यालाही आणि या छोट्या वाघळालाही, त्यामुळे गावात विचारताना "दिवसाची का रात्रीची" हे विचारून घ्या.)

घराणं आधी लिहायचं. कारण पुढे जे दिसणार त्याचा अर्थ घराण्यावर ठरतो.

पायरी २: नर

वडावरच्या वाघळाचा नर ओळखणं सगळ्यात सोपं, फक्त वेळ साधायला हवी. सकाळी आठ ते दहा ऊन अंगावर आलं की ती पंख उघडतात, चाटतात, आणि दुपारी उकाड्यात तर पंख्यासारखे पंख हलवत बसतात. त्या वेळी पोटाकडची बाजू उघडी पडते आणि नराचं शिश्न स्पष्ट दिसतं, मोकळं लोंबणारं, लपण्यासारखं नाहीच. त्याहून पक्की वेळ म्हंजे लघवीची. वाघूळ उलटं लटकून मुतलं तर सगळं स्वतःच्याच तोंडावर येईल, म्हणून ते अंगठ्यांनी फांदी पकडून सुलटं होतं. हे दोन-तीन सेकंदच असतं, पण एका झाडावर शंभर वाघळं असतील तर दर मिनिटाला कोणी ना कोणी सुलटं होतंच. दुर्बीण एकाच फांदीवर लावून थांबा, झाडभर फिरवू नका. मला काकाच्या प्रश्नाचं उत्तर असंच मिळालं.

मग वृषण. आपल्याकडच्या गायी-म्हशीच्या हिशेबाने "नर म्हंजे वृषण बाहेर" असं धरून चालाल तर फसाल. बऱ्याच वाघळांत ते ऋतूप्रमाणे वरखाली होतात, विणीच्या काळात खाली येऊन फुगतात, एरवी पोटात किंवा जांघेत सरकून बारीक होतात. त्यामुळे वृषण दिसले नाहीत म्हणून मादी असं लिहायचं नाही. कौलातल्या पाकोळीच्या घराण्यात अजून एक खूण असते, शुक्राणू साठवणाऱ्या नळीचा शेवटचा भाग शेपटीच्या दोन्ही बाजूंच्या पडद्यात उतरतो आणि दोन फुगीर पुरळ्यांसारखा दिसतो. वृषण आटले तरी ती साठवण फुगलेली असू शकते, म्हंजे कारखाना बंद पण गोडाऊन भरलेलं. ही खूण दुर्बिणीतून दिसणं कठीण, क्लोजअप फोटोत नशिबाने दिसते.

वृषणांच्या आकारातला फरक पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो परत वाचून बघितला होता. वाघळांत वृषणांचं वजन शरीराच्या ०.१२ टक्क्यापासून ८.४ टक्क्यांपर्यंत जातं, २००६ मध्ये ही तुलना छापून आली. ८.४ टक्के म्हंजे सत्तर किलोच्या माणसाला जवळपास सहा किलो! नियम असा दिसतो की ज्या जातीत मादी अनेक नरांशी जुळते तिथे वृषण मोठे, कारण खरी चढाओढ मादीच्या पोटात शुक्राणूंची लागते. जिथे नर माद्यांवर पहारा ठेवून बसतो तिथे तेवढं लागत नाही. भेरली माडात माद्या सांभाळून बसणाऱ्या सिनॉप्टेरसचा नर आणि हजारोंच्या गर्दीत राहणारा एखादा नर यांचं गणितच वेगळं.

शिश्नात हाड असतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. शिश्नास्थी म्हणतात त्याला, माणसात नाही, बहुतेक वाघळांत आहे. पाकोळ्यांच्या घराण्यात बाहेरून दोन जाती सारख्या दिसतात आणि या तांदळाच्या कणीएवढ्या हाडाच्या आकारावरून वेगळ्या काढाव्या लागतात, कुठे टोक दुभागलेलं, कुठे बुडखा रुंद. हे अर्थात प्रयोगशाळेतलं काम.

आणि एक मजेशीर प्रकार सांगून पुढे जातो. युरोपात एप्टेसिकस सेरोटिनस म्हणून एक वाघूळ आहे, नराचं शिश्न मादीच्या योनीच्या जवळपास सातपट लांब आणि टोक पत्त्यातल्या बदामासारखं रुंद. शास्त्रज्ञांना कळेना की हे आत जातं कसं. २०२३ मध्ये उलगडा छापून आला, आत जातच नाही! नर ते हातासारखं वापरून मादीच्या शेपटीचा पडदा बाजूला करतो आणि नुसता स्पर्श ठेवतो, तासन्‌तास. सस्तन प्राण्यांत असं पहिल्यांदाच नोंदलं गेलं. आणि ही नोंद झाली कुठे, तर नेदरलँड्समधल्या एका चर्चच्या माळ्यावर कॅमेरे लावून. आपल्या कौलारू माळ्यावर कोणी असा कॅमेरा लावला तर काय काय निघेल कोण जाणे.

पायरी ३: मादी, आणि चार स्तनाग्रांचा घोटाळा

मादीची खरी स्तनाग्रं दोन, छातीवर, पंखाच्या मुळाशी, जवळपास काखेत. मोठ्या वाघळात पंख उघडला की पाजणाऱ्या मादीचं स्तनाग्र सहज दिसतं. तीन अवस्था ओळखायला शिका. कधीच न व्यालेली, तिचं स्तनाग्र टिकलीएवढं आणि केसांत बुडालेलं. पाजणारी, तिचं मोठं, गुलाबी-तपकिरी, आणि भोवतीचे केस पिल्लाच्या तोंडाने झिजून टक्कल पडलेलं. पाजणं थांबलेली, तिचं काळपट, कोरडं, लोंबतं आणि भोवती बारीक केस परत फुटलेले. एकदा दोन-तीन नीट बघितल्या की डोळ्याला सवय होते.

आता घोटाळा. पहिल्या वर्षी मी एका पडक्या घरात मेगाडर्माचा फोटो काढला आणि वहीत मोठ्या ऐटीत लिहिलं, "चार स्तनाग्रं". दोन काखेत, दोन खाली ओटीपोटाशी. कॉलेजातल्या एका सिनियरला फोटो पाठवला तर तो हसतोय. खालची दोन खोटी होती. त्यातून दूध येत नाही, ती पिल्लाची मूठ आहे, म्हंजे पिल्लाने तोंडात धरून लटकायची जागा. मेगाडर्मा, रायनोलोफस, हिप्पोसिडेरस आणि लांब शेपटीचं रायनोपोमा या घराण्यांत ही असतात, वडावरच्या वाघळात, रूसेटसमध्ये, पाकोळीत, टॅफोझसमध्ये नसतात. म्हणजे नाक दिसलं नाही, कान दिसले नाहीत, पण ओटीपोटावर दोन गाठी दिसल्या तरी घराण्यांची यादी एकदम छोटी होते. बाहेरच्या एका खुणेवरून एवढं क्वचितच मिळतं.

पिल्लू यामुळे आईवर उलटं बसतं. आई उलटी लटकलेली, पिल्लू तिच्या ओटीपोटाशी तोंड लावून, पाय तिच्या गळ्याकडे, म्हंजे जगाच्या हिशेबाने पिल्लू सुलटं! दूध प्यायचं तेव्हा ते फिरून छातीकडे येतं. वडावरच्या वाघळाचं पिल्लू मात्र थेट काखेतल्या स्तनाग्राला चिकटून, पंखाच्या पांघरुणात. म्हणून अंधारात पिल्लाचं डोकं कुठल्या बाजूला आहे एवढं नोंदवलंत तरी ती मोलाची नोंद आहे.

खरोखरची चार स्तनाग्रं असलेली वाघळंही आहेत, अमेरिकेतलं लाल वाघूळ, त्याला तीन-चार पिल्लं होतात. आणि मलेशियात डायकॉप्टेरस जातीच्या नरांच्या स्तनांत दूध सापडलं, १९९४ मध्ये ते छापून आलं. ते खरंच पाजतात का हा वाद वेगळा, पण "दूध दिसलं म्हंजे मादी" हेही डोळे झाकून लिहायचं नाही.

पायरी ४: आत काय आहे, पायजमा घेऊन समजून घ्या

इथे थोडं थांबा, कारण आकृत्या बघून हे डोक्यात बसत नाही. मला बसलं ते दोरीवर वाळत टाकलेल्या पायजम्यावरून.

पायजमा उलटा धरा, पाय वर, नाडी खाली. पाय म्हंजे गर्भाशयाची दोन शिंगं, टोकांना अंडाशय, आणि नाडीचं तोंड म्हंजे गर्भाशयमुख, त्याखाली योनी. गाय, कुत्री यांचं गर्भाशय थोडंफार असं. माणसाचं तसं नाही, पायच नाहीत, नुसती पिशवी. वाघळांत हे दोन्ही टोकांचे प्रकार आहेत आणि मधले सगळे. एकाच गणात!

वडावरच्या टेरोपसचं तर पायजम्याच्याही अलीकडचं, दोन मोजे शेजारी शेजारी धरलेत असं समजा. बाहेरून खालच्या बाजूला जुळल्यासारखे दिसतात पण आत दोन्ही पोकळ्या वेगळ्या आणि दोन्हींची तोंडं योनीत वेगवेगळी उघडतात. पाकोळीचं नेहमीचा पायजमा, दोन शिंगं आणि खाली एकच तोंड. आणि दक्षिण अमेरिकेतल्या पानाच्या नाकाच्या काही वाघळांत शिंगं जवळपास नाहीशी होऊन माणसासारखी एक पिशवी. शिवण किती खाली गेली आणि किती वर राहिली एवढाच काय तो फरक, पण त्या शिवणीवरून घराण्यांची नाती कशी असतील यावर लोकांनी आयुष्य घालवलंय. त्यात आपल्याच राज्यातलं नागपूर आहे. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रा. ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कित्येक दशकं भारतीय वाघळांचं गर्भाशय, गर्भावरणं आणि अपरा (वार) यावर काम केलं, जगभर त्याचे दाखले देतात. आपल्याला बीएस्सीत हे कोणी सांगत नाही आणि बेडूक मात्र तीनतीनदा कापायला लावतात.

डावं-उजवं हा पुढचा भाग, आणि माझा सगळ्यात आवडता. दोन अंडाशय, दोन शिंगं आहेत म्हंजे दोन्ही सारखी कामं करत असतील असं वाटतं. तसं नाही. रायनोलोफसमध्ये गर्भ उजव्या शिंगात राहतो, डावी बाजू नावापुरती. मिनिओप्टेरस नावाचं लांब पंखांचं गुहेतलं वाघूळ आहे, त्यात स्त्रीबीज सहसा डाव्या अंडाशयातून सुटतं आणि गर्भ रुजतो उजव्या शिंगात, म्हंजे एका पायातून निघून दुसऱ्या पायात जाऊन बसायचं. कशासाठी हा वळसा? पटेल असं सोपं उत्तर मी अजून वाचलेलं नाही. आणि सिनॉप्टेरस, रूसेटस यांच्यात पाळी लावल्यासारखं चालतं, यंदा डावीकडे राहिला तर पुढचा उजवीकडे. वर्षात दोन वेळा व्यायचं असेल तर हे सोयीचं, एक शिंग बाळंतपणातून सावरत असतं तोवर दुसरं तयार. पाकोळीत तर बहुतेकदा जुळं, त्यामुळे दोन्ही शिंगं भरलेली.

रूसेटसबद्दल अजून एक. मासिक पाळीसारखा स्राव माणूस आणि माकडं सोडून फार थोड्या सस्तन प्राण्यांत आढळतो, आणि त्यात काही वाघळं आहेत. आपल्या विहिरीतल्या रूसेटस लेशेनॉल्टीमध्ये तो २००७ मध्ये नोंदला गेला. घरी आईला हे सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "मग तेका पण चार दिस बाहेर बसवतत काय?"

अपरा, म्हंजे आपली वार, ती बहुतेक वाघळांत थाळीसारखी. तिच्या आत आईचं रक्त आणि गर्भाचं रक्त यांच्यामध्ये किती थर उरतात यात घराण्यागणिक फरक आहे, पण तो सूक्ष्मदर्शकाचा विषय, इथे वेळ घालवत नाही.

जघनाचं हाड, म्हंजे ओटीपोटाखालचं समोरचं हाड, मात्र सांगायलाच हवं. वाघळाचं पिल्लू जन्मताच आईच्या वजनाच्या साधारण पाव असतं. साठ किलोच्या बाईला पंधरा किलोचं बाळ! हे बाहेर येणार कसं? मादीत जघनाची दोन हाडं समोर जुळलेली नसतात, मध्ये ताणणारा बंध असतो, बाळंतपणात तो रबरासारखा लांबतो. नरात ती जागा घट्ट. त्यामुळे नुसता सांगाडा मिळाला तरी जाणकार नर-मादी सांगू शकतो. आणि पिल्लू येताना छोट्या कीटकखाऊ वाघळांत सहसा पायाकडून येतं, मोठ्या फळखाऊ वाघळांत डोक्याकडून. आपल्याकडे पायाळू मूल म्हणजे केवढा गाजावाजा, पाकोळीकडे सगळीच पायाळू.

पायरी ५: गाभण कधी, व्याली कधी

पोट फुगलेलं दिसलं की गाभण लिहायचं, असं नाही हं. रात्रभर पोटभर खाऊन आलेल्या वाघळाचं पोटही सकाळी टम्म असतं. दुपारनंतर बघा, फळ पचून गेलेलं असतं, तरीही फुगवटा ओटीपोटाकडे खाली आणि दोन्ही बाजूंना दिसत असेल तर गाभण असण्याची शक्यता जास्त. आणि महिन्याशी ताडून बघा.

वडावरचं वाघूळ वर्षाला एकदाच आणि एकच पिल्लू. जुळणं साधारण पावसाळ्यात आणि त्यानंतर, गाभणपण पाचेक महिने, पिल्लं फेब्रुवारीपासून मेपर्यंत. म्हंजे पिल्लू स्वतः खायला लागेपर्यंत काजू, आंबा, जांभूळ असं एकामागून एक सुरू. सिनॉप्टेरस वर्षाला दोनदा, उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा आणि पावसाळ्यात एकदा, पहिलं पिल्लू झाल्याझाल्या मादी परत जुळते. यात एक युक्ती आहे, पहिल्या खेपेचा गर्भ रुजल्यावर काही काळ वाढच मंद ठेवतो, त्यामुळे पहिलं गाभणपण दुसऱ्यापेक्षा लांब जातं. मेगाडर्माचं पिल्लू पावसाच्या आगेमागे, तेव्हा पतंग, टोळ, बेडूक यांची चंगळ.

पुढे ढकलण्याच्या अशा युक्त्या वाघळांत भरपूर आहेत आणि त्याही घराण्यागणिक वेगळ्या. कोणी शुक्राणू साठवून ठेवतं आणि स्त्रीबीज महिन्यांनी सोडतं. पिवळ्या पोटाचं स्कोटोफिलस हिवाळ्यात हेच करतं, युरोपातल्या नॉक्ट्यूल वाघळात तर मादीच्या पोटात १९८ दिवस टिकलेल्या शुक्राणूंची नोंद आहे. कोणी फळलेलं बीज रुजवायलाच उशीर करतं, कोणी रुजवून मग वाढ थांबवतं. हिशेब सगळ्यांचा एकच, उडणाऱ्या आईला एका पिल्लाचं वजनही डोईजड, तेव्हा ते पिल्लू खाणं मुबलक असताना बाहेर यायला हवं. शेतकरी नाही का रोहिणी बघून पेरणी धरत, तसं.

पायरी ६: वही

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी:

"२२ मार्च. सकाळी ८.४० ते १०.१५. वड, पूर्वेची फांदी. टेरोपस. एकूण ३१ नीट दिसली. नर ११ (शिश्न बघून), मादी पिल्लासह ९, मादी पिल्लाशिवाय ३ (स्तनाग्र: १ पाजणारी?, २ बारीक), कळलं नाही ८. ऊन कडक, पंखे चालू."

यातलं "कळलं नाही ८" सर्वात महत्त्वाचं. सुरुवातीला मी ते रकानेच ठेवत नसे, अंदाजाने नर नाहीतर मादीत ढकलून द्यायचो, आणि मग एका वर्षी माझ्या वडावर सत्तर टक्के नर निघाले. असं काही नव्हतं, दिसायला नर सोपा आणि मादी अवघड, एवढाच तो प्रकार. तसंच "पिल्लं २" असं कधी दिसलं तर टेरोपसमध्ये तरी दोनदा बघा, मला जे दुसरं पिल्लू वाटलेलं तो आईच्याच पंखाचा दुमडलेला कोपरा निघाला. आणि "गाभण" च्या पुढे प्रश्नचिन्ह टाकायला लाजू नका.

लहान-मोठं ओळखायला पंखाच्या बोटांचे सांधे बघा. उन्हाच्या विरुद्ध पंख पसरला की पोरवयाच्या वाघळाच्या सांध्यात कूर्चेचे फिकट पट्टे दिसतात आणि सांधा लांबुळका, वयात आलेल्याचा सांधा गाठीसारखा गोल आणि पट्टे गायब. चांगल्या कॅमेऱ्यात येतं हे. नर म्हणून नोंदलेल्यात पोरं किती हे यावरून वेगळं काढता येतं, नाहीतर "वृषण दिसत नाहीत" याचा अर्थ वय की ऋतू ते कळतच नाही.

मेलेलं किंवा पडलेलं सापडलं तर

विजेच्या तारेला चिकटून मेलेली मोठी वाघळं कोकणात सगळीकडे दिसतात, आणि झूलॉजीच्या पोरांना लगेच खाज सुटते की उघडून बघू. घरी नाही. नखाएवढंही नाही. लांबून फोटो काढा, तारीख आणि जागा लिहा, स्तनाग्रं किंवा शिश्न दिसत असेल तर तेवढं नोंदवा, बास. आतलं बघायची हौस असेल तर नमुने जपून ठेवलेल्या जागा आहेत, मुंबईत बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, १८८३ पासूनची संस्था), पुण्यात आकुर्डीला झेडएसआयचं (झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं) केंद्र. कॉलेजकडून रीतसर पत्र घेऊन विचारा.

पिल्लू जिवंत पडलेलं असेल तर कुत्री-मांजरं लांब ठेवायची, पोरांची गर्दी हटवायची आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरला फोन करायचा. दूध, केळं, ग्लुकोज काही पाजायचं नाही.

मेगाडर्मा, रायनोलोफस यांच्या जागेत एप्रिल ते जून आत शिरूच नका. खोट्या स्तनाग्राला लटकलेलं पिल्लू घेऊन आई घाबरून उडते आणि पिल्लू सुटतं. दारातून लाल टॉर्चने एकदा बघून बाहेर, किंवा संध्याकाळी बाहेर पडताना मोजा.

मे महिन्यात गावी असाल तर अजून एक करून बघा. वडावरची आई सुरुवातीचे काही आठवडे पिल्लाला अंगावर घेऊनच उडते, मग ते जड झालं की झाडावर ठेवून जाते. रात्री नऊच्या सुमाराला, मोठी सगळी गेल्यावर, वडाखाली जाऊन उभे राहा. झाड रिकामं असायला हवं, पण वरून बारीक चिकचिक ऐकू येत राहते, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर. तेवढी ऐकून किती ठिकाणाहून येते ते वहीत लिहा, टॉर्च मात्र लावू नका.